ढकलाल तितकी अडेल

गडहिंग्लज भागात बोअर म्हटलं की काळ्या कातळात सरळ खाली जाणारा रॉड. एक संपला की दुसरा जोडायचा, पाणी लागेपर्यंत. तेलाची विहीर मात्र अनेकदा खोलवर जाऊन वळते आणि पुढे किलोमीटरभर, कधी त्याहून कितीतरी लांब, चक्क आडवी धावते! तेलाचा थर जाडीला कमी आणि पसाऱ्याला मोठा असतो; उभी विहीर त्याला ओलांडून जाते, आडवी त्याच्या पोटातून जाते. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने अरबी समुद्रात शोधलेल्या आपल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या चुनखडकातही पुढे अशा आडव्या विहिरी घेतल्या गेल्या.

आणि तिच्यात घालतात काय? बिनजोड पोलादी नळी, भल्यामोठ्या रिळावर गुंडाळलेली! कॉइल्ड ट्युबिंग. वर साखळ्यांच्या पकडीत धरून इंजेक्टर तिला खाली रेटतो. ही नळी फिरवता येत नाही, म्हणून खोदायचं असेल तर टोकाला, नळीतून सोडलेल्या खोदकामाच्या चिखलाच्या दाबावर चालणारी मोटर बसवतात. पण मला झपाटलं ते त्याच्याही आधीच्या प्रश्नानं. भिंतीतल्या पाइपातून वायर सरकवताना ती मध्येच गोळा होते; मग ही नळी आडव्या भोकात सरकते तरी कशी?

वही काढली. दोन इंची नळी, चार मिलिमीटर जाडीची, पाण्यानं भरलेल्या सहा इंची भोकात. पाण्यात तिचं वजन मीटरला चार किलो. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर प्रत्येक मीटर पुढे सरकवायला सव्वा किलोच्या आसपास जोर. हजार मीटरला बाराशे किलो. सोपं!

सोपं नाही. डॉसन आणि पास्ले यांनी 1984 मध्ये मांडलेलं सूत्र लावलं, आणि रेटा एक टनावर गेला की नळी सरळ राहतच नाही, असं उत्तर आलं. भोकाच्या तळाशी ती नागमोडी होते. दीड टनाजवळ पोहोचली की मळसूत्रासारखे वेढे घेत भोकाच्या भिंतीला चिकटते. आता भिंतीवरचा दाब नुसत्या वजनाचा उरला नाही. वेढ्यांमुळे येणारा दाब रेट्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: रेटा दुप्पट, तर हा दाब चौपट. दाबाबरोबर घर्षण वाढतं, घर्षणावर मात करायला रेटा वाढवावा लागतो, आणि वाढलेला रेटा पुन्हा दाब वाढवतो!

हे समीकरण सोडवलं तेव्हा जे उत्तर आलं ते पाहून मी उभाच राहिलो. टॅन! दहावीच्या त्रिकोणमितीतला टॅन, ज्याची किंमत नव्वद अंशांना लिहिताच येत नाही. टोक मोकळं असताना साधारण 1,220 मीटरपर्यंत नळी मळसूत्राविना जाते. (नागमोडी टप्प्यातलं जादा घर्षण मी सोडून दिलंय.) त्यानंतर जेमतेम 530 मीटर, आणि लागणारा रेटा अनंत! म्हणजे साडेसतराशे मीटरवर भिंत नसताना नळी थांबते. वर कितीही ताकदीचं यंत्र आणा, टोक इंचभर हलणार नाही. तेलक्षेत्रात याला लॉक-अप म्हणतात, आणि तो माझ्या वहीत, पेन्सिलीच्या आकड्यांतून उगवला होता.

रिळाचं गणितही तितकंच थरारक. रिळाचा गाभा दोन मीटर व्यासाचा असेल तर त्यावर वळताना नळीची बाहेरची बाजू अडीच टक्के ताणली जाते. असलं पोलाद जेमतेम पाव टक्क्यानंतर पूर्ववत होत नाही. म्हणजे प्रत्येक फेरीला नळी कायमची वाकते आणि कायमची सरळ केली जाते. रिळावरून सुटताना, इंजेक्टरच्या वरच्या कमानीवर, कमानीतून उतरताना. परत येताना पुन्हा तेच तीन. म्हणून तिच्या प्रत्येक तुकड्याच्या वाकण्याचा हिशेब ठेवतात आणि आयुष्य संपण्याआधीच ती बाद करतात.

आडव्या वाटेवर मात्र उपाय आहेत. घर्षण कमी करणारं वंगण, नळीला थरथरवणारी अवजारं, जाड नळी. मला सगळ्यात आवडला तो ट्रॅक्टर: टोकाशी बसून, भोकाच्या भिंतीला धरून नळीला पुढे ओढणारं यंत्र. ओढलेली नळी ताणाखाली असते, मग वेढे घेणार कुठून? समीकरणातली ती वर्गाची संज्ञाच गळते, टॅन नाहीसा होतो आणि उरतं ते मीटरला सव्वा किलो. आता मधल्या वळणाचं गणित करायचंय, तिथं ऑयलरचं दोर आणि खुंट्याचं सूत्र लागतं. उभ्यापासून आडव्यापर्यंतच्या वळणात, 0.3 घर्षणाला, वळणातल्या नळीचं वजन सोडलं तर, ओढ एकदम 1.6 पट होते, वळण अरुंद असो की ऐसपैस!