आठशे रुपयांचा पिझ्झा

आईला एकदा 'चांगल्या' ठिकाणी पिझ्झा खायला न्यायचं, हे किती वर्षं मनात होतं कोण जाणे. आमच्या घरचा पिझ्झा म्हणजे नव्वदच्या दशकातला. बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर टोमॅटो सॉस, कांदा, सिमला मिरची, वर किसलेलं अमूलचं चीज आणि हे सगळं तव्यावर झाकण ठेवून. बेस खालून करपायचा, पण चीज काही धड वितळायचं नाही. तरी आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो. चीज महाग, त्यामुळे आई स्वतःच्या पिझ्झावर ते घालायचीच नाही. "मला नाही बाई आवडत तो चिकटपणा," म्हणायची. आम्ही खुशाल विश्वास ठेवायचो.

तर परवा तिच्या पंचाहत्तरीनिमित्त पुण्यातल्या एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो. आठ दिवस आधी टेबल राखून ठेवलेलं. फोटो बघून बघून मला मेनू पाठ झाला होता. आई ठेवणीतली साडी नेसून आलेली. मेनूकार्डात तिने आधी उजवीकडचे आकडे वाचले (आमच्याकडे सगळे तसंच वाचतात!) आणि म्हणाली, "एकच मागव गं, वाटून खाऊ." साध्या मार्गेरिटाला आठशे रुपये!

पिझ्झा आला आणि माझा चेहराच पडला. कडेला काळे डाग, मध्ये टोमॅटो आणि चीजचं तळं, तुकडेही केलेले नाहीत. कापून एक तुकडा उचलला तर त्याने लगेच मान टाकली. कुरकुरीतपणाचा पत्ता नाही. मी वेटरला बोलावून चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, नेपल्सचा पिझ्झा असाच असतो." म्हटलं, हे बरं आहे यांचं!

मग लेकाने माझी शिकवणी घेतली. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची १९८४ पासून एक संघटना आहे आणि पिझ्झा कसा असावा याचे तिचे नियम आहेत. भट्टी साधारण साडेचारशे अंशांना तापलेली हवी. पिझ्झा आत राहणार फक्त ६० ते ९० सेकंद. तेवढ्यात कड फुगते, डाग पडतात, पण मधला भाग मऊ, ओलसरच राहतो. २०१७ मध्ये युनेस्कोने तिथल्या या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. थोडक्यात, मी ज्याला कच्चा म्हणत होते तो वारसा होता!

आईचं मात्र आमच्या वादाकडे लक्षच नव्हतं. ती कड बोटाने दाबून बघत होती. "पीठ छान मुरलंय हं. आणि डाग पडायचेच गं, आच चांगली असली की. भाकरीला नाही का पडत?" म्हणाली. मग उठून भट्टी बघून आली. पिझ्झा आत सारणाऱ्या मुलाला तिने मराठीतून काहीतरी विचारलं, त्यानेही हसून उत्तर दिलं.

मी इकडे अजून धुमसतच होते. खरं सांगायचं तर तो पिझ्झा मला शेवटपर्यंत फारसा आवडला नाही. मला बहुतेक तव्यावरचाच हवा होता, फक्त चीज नीट वितळलेला.

आई परत आली आणि सावकाश खात बसली. कड मोडून मधल्या तळ्यात बुडवायची, आणि चीजची तार तुटेपर्यंत हात वर न्यायची. सगळं ताट पुसून खाल्लं. शेवटी माझ्या ताटात उरलेल्या चीजकडे बघून म्हणाली, "तू टाकणार आहेस का ते?"

मी ताट तिच्याकडे सरकवलं. चिकटपणाबद्दल काही विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

असो. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत. तिथेच. दोन मागवणार.