चढावर दम सोडणारी मारुती

आमची मारुती 800 ही 1993 सालची, कार्बोरेटरवाली. वडील भोपाळला भेलमध्ये असताना घेतलेली. पिपलानीचं क्वार्टर सोडून आम्ही बाग सेवनियात आलो, तेव्हा तीही आली. मागच्या पावसाळ्यानंतर तिने एक खोड धरली. कॉलनीत, एम्सच्या बाजूला संथ चालवली तर कसली तक्रार नाही. होशंगाबाद रोडने जाऊन सावरकर सेतू चढायला घेतला, ॲक्सिलरेटर दाबला, की थोडा वेळ नीट ओढायची, मग आचके देत बंद पडायची. मागे हॉर्नचा गदारोळ. जरा थांबून सेल्फ मारला की पुन्हा सुरू.

ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच: "कार्बोरेटर बदल डालो, खाँ!" जुन्या गाडीत काही बिघडलं की खापर कार्बोरेटरवरच फुटतं. मला ते पटेना. गाडी नेमकी केव्हा बंद पडते, हे आधी बघायला हवं. पाय दाबताक्षणी अडखळली तर संशय कार्बोरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपावर जातो. आमची मात्र काही सेकंद ओढून मग मरत होती. म्हणजे कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल संपत होतं आणि मागून तेवढं येत नव्हतं. स्पार्क गेला असता तर दिवा मालवल्यासारखी एकदम थांबली असती. ही हळूहळू दम सोडत होती. एकदा आचके सुरू होताच मी चोक थोडा ओढला, तर गाडी जरा सावरली. पेट्रोल कमी पडतंय, याची खात्रीच पटली.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मी हे सगळं सांगितल्यावर त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि एअर फिल्टरचं झाकण काढलं. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने हलवला. आत पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली. "ये तो चंगा है, साहब." टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला; फरक नाही.

मग त्यांनी कॉइलची तार काढली, फ्युएल पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. धार मरतुकडी, मध्येच तुटणारी. आता पंपाची खेचणारी बाजू टाकीच्या लाइनपासून सोडवून एका वेगळ्या बाटलीतल्या पेट्रोलला जोडली. पुन्हा सेल्फ. या वेळी प्रत्येक ठोक्याला भरगच्च पिचकारी. पंप निर्दोष होता. दोष त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला होता.

टाकीपासून लोखंडी नळीपर्यंतचा रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता. उस्तादांनी तो ब्लेडने उभा चिरला. आतला थर फुगून सुटला होता, बोट फिरवलं तर काळा चिकट लगदा हाताला लागला. पंपाने जोरात खेचलं की तो सुटा थर वाट अडवायचा. तीस वर्षांचं रबर थकणारच, पण 2023पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आणि जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं. त्या काळच्या गाड्या या पेट्रोलसाठी बनल्याच नव्हत्या. ही गोष्ट जुन्या गाडीवाल्यांना पंपावरच ठळक पाटी लावून सांगायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

इथेनॉलला टिकणारा नवा पाइप घातला, क्लिपाही नव्या. कार्बोरेटरच्या एका स्क्रूलाही हात लागला नाही. गाडी आता पूल तिसऱ्या गियरमध्ये चढते.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीपासूनचे सगळे रबरी पाइप बदलून घ्या. बाटलीची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, इंजिन थंड असताना, उघड्यावर. आणि तेव्हा आसपास कुणालाही विडी पेटवू देऊ नका.