अर्धाच घडवलेला जलचर

वणी-मुकुटबन परिसरातील चुनखडी आज सिमेंटच्या भट्टीत जाते. एके काळी ती समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ होती. तो समुद्र इतका पुरातन, की हाडे असलेला एकही जीव तेव्हा जन्मास आलेला नव्हता. म्हणून त्या खडकात मूर्तिकाराच्या उपयोगी पडेल असा सांगाडा मिळत नाही. पुढे कोट्यवधी वर्षांनी समुद्रात जे विलक्षण प्राणी अवतरले, त्यांना मानवी हातांनी भव्य रूप दिले ते मात्र सिमेंटमध्येच, लंडनजवळच्या सिडनहॅम येथे.

बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी १८५२ मध्ये हे काम स्वीकारले. आधी मातीचा पूर्णाकृती नमुना, त्यावरून साचा, मग ओतकाम. यवतमाळच्या दुर्गोत्सवात मातीला आकार येताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातील पहिली पायरी परकी वाटणार नाही. हिशेब मात्र घर बांधणाऱ्याचा होता. इग्वानोडॉन या भूचराच्या एका शिल्पास चार लोखंडी खांब, ६०० विटा, ९०० साधी कौले आणि ३८ पिंपे सिमेंट लागल्याची नोंद त्यांनी ठेवली. कलावंताची वही इतकी चोख असावी, याचे व्यापाऱ्यालाही कौतुक वाटेल.

खरी अडचण जलचरांची. मोसासॉरसची कवटी तेवढी नीट ज्ञात होती. उरलेल्या देहाबद्दल विद्वानही साशंक. हॉकिन्स यांनी डोके आणि पाठीचा काही भाग घडवला व बाकीचा प्राणी तळ्यात बुडालेला भासवला. जे ठाऊक नाही त्याचे सोंग आणले नाही. इक्थिओसॉरसबाबत हा संयम साधला नाही: डोळ्यातील हाडांचे कडे उघडे, पाठ पराविना. पुढे जर्मनीत शरीराची बाह्यरेषा उमटलेले जीवाश्म मिळाले, तेव्हा पाठीवरील पर कळला.

१८६८ मध्ये न्यूयॉर्कने त्यांना सेंट्रल पार्कमधील संग्रहालयासाठी निमंत्रण दिले. १८७१ च्या मे महिन्यात, शहराचा कारभार भ्रष्ट मंडळींच्या हाती असताना, माणसे कार्यशाळेत शिरली आणि त्यांनी नमुने व साचे फोडून टाकले. तुकडे उद्यानातच पुरले गेले. साचा फुटणे म्हणजे या धंद्यात भांडवलच बुडणे. तेव्हा हॉकिन्स ६४ वर्षांचे होते. पुढे प्रिन्स्टनच्या महाविद्यालयासाठी त्यांनी लुप्त प्राण्यांची चित्रे रंगवली. त्यांना साचे लागत नव्हते. सिडनहॅमची शिल्पे अजून तळ्याकाठी आहेत, आणि तेथील मोसासॉरस आजही अर्धाच आहे.