समोरचे सात कोण होते?

पोस्ट लांब आहे. पण नांदुऱ्यात, मलकापुरात, खामगावात जो कोणी मातीत कबड्डी खेळला असेल, त्याने शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी कबुली देतो. मागच्या २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाला, गावातल्या एका शाळेनं मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. पाहुणा म्हणून मिरवावं असं माझं काही कर्तृत्व नाही. कॉलेजात असताना कबड्डी खेळलो आणि आता फेसबुकवर गावातल्या रस्त्या-नाल्यांबद्दल लिहितो, एवढंच. तरी माईक हातात आला की माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. समोर तीनशेक पोरं बसलेली. मी ठोकून दिलं :

"मुलांनो, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी होती! आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ तिथं गेला, सुवर्णपदक जिंकला, आणि आपली ताकद पाहून खुद्द हिटलर थक्क झाला!"

टाळ्या पडल्या. पोरं खुश, शिक्षक खुश, मीही खुश.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी एक निवृत्त क्रीडाशिक्षक जवळ आले. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ अजून ताठ. ज्या पिढीला त्यांनी शिट्टी वाजवून पळवलं, त्यात मीही होतो. त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं :

"काहून रे, सोनं जिंकलं म्हणतं, तं समोरचे सात कोण व्हते?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे कबड्डीले दोन बाजू लागतात ना राजा. इकडचे सात अमरावतीचे. तिकडचे सात कोठले? जर्मनीचे? जपानचे? त्याहीले हुतूतू कोणं शिकोलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात त्यांनी दुसरा प्रश्न टाकला.

"आन् हिटलर थक्क झाला, हे पोट्ट्याइले अभिमानानं काहून सांगतं? तो चांगला म्हणे म्हणजे आपण चांगले, असं हाय का?"

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

आता हे सांगतो की हा संघ माझ्या इतका जवळचा का. नव्वदच्या दशकात अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आमच्या कॉलेजचा संघ गेला होता. आम्ही स्वतःला फार मोठे समजत होतो. पहिल्याच फेरीत गाठ पडली हव्याप्रच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाशी. अर्धा सामना झाला तेव्हा आमच्यावर दोन लोण चढले होते. आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू बोनसच्या रेषेपर्यंतही पोहोचत नव्हता. डावा कोपरा घोटा धरायचा आणि बाकीचे सहा भिंत पडावी तसे अंगावर यायचे. मार खाल्ला, पण त्या दिवसापासून तो माझा संघ झाला. स्वतःचं कॉलेज हरलं तरी चालेल, हव्याप्र जिंकला पाहिजे, असं वाटायचं. प्रेम हे असंच लागतं. इतिहास विचारून कोणी प्रेम करत नाही.

पण सरांच्या प्रश्नानंतर इतिहास शोधावाच लागला. सहा महिने जे मिळालं ते वाचलं, दोनदा अमरावतीला जाऊन आलो, जुन्या खेळाडूंशी बोललो. जे कळलं ते इथं मांडतो.

ही संस्था १९१४ ची. वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य यांनी, अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला. त्याच वर्षी लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले होते आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. तेव्हा आखाडा काढणं म्हणजे नुसतं दंड-बैठका मारणं नव्हतं. शरीर कमावलेला, शिस्तीत उभा राहणारा तरुण इंग्रज सरकारच्या डोळ्यात खुपायचा. हुतात्मा राजगुरू यांनी या आखाड्यात व्यायामाचे धडे घेतले होते. २३ मार्च १९३१ ला लाहोरला ते फासावर गेले. त्यानंतर पाचच वर्षांनी याच संस्थेचं पथक बर्लिनला गेलं.

आता बर्लिनचं खरं ऐका. १ ते १६ ऑगस्ट १९३६ ला ते ऑलिंपिक झालं. कबड्डी त्याच्या अधिकृत कार्यक्रमात नव्हती. पदकाशिवाय दाखवायचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. भारताचं सुवर्ण एकच, ध्यानचंद यांच्या हॉकी संघाचं. तो अंतिम सामना १५ ऑगस्ट १९३६ ला झाला, जर्मनीला ८-१ नं हरवलं. आपल्या हव्याप्रच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. कबड्डी, खो-खो, मल्लखांब, लेझीम. त्या काळात जगभरातून शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी बर्लिनला जमले होते, त्यांच्यासमोर आपल्या पोरांनी आपला खेळ मांडला. पदक नाही, गुणफलक नाही, हरणं-जिंकणं नाही.

मग समोरचे सात कोण? उत्तर साधं आहे. तेही आपलेच. अमरावतीचे सात अमरावतीच्या सातांवर चढाई करत होते, कारण तिथं दुसऱ्या कोणाला हा खेळ येतच नव्हता.

खरं सांगू? पहिल्यांदा हे डोक्यात शिरलं तेव्हा मी नाराज झालो. सोनं गेलं, ऑलिंपिक गेलं, हाती काय राहिलं? एक प्रात्यक्षिक! शाळेच्या स्नेहसंमेलनात होतं तसं.

पण मग एका रात्री विचार करत बसलो. अमरावतीहून मुंबई गाठायची तर रेल्वेचा रस्ता एकच. बडनेरा, अकोला, शेगाव, जलंब, आपलं नांदुरा, मलकापूर, भुसावळ. हा लोहमार्ग १८६७ मध्येच नागपूरपर्यंत पोहोचला होता. म्हणजे मुंबईला निघालेल्या वऱ्हाडच्या कुठल्याही माणसाच्या खिडकीतून नांदुरा स्टेशन जायचंच. मी डोळ्यासमोर आणून पाहिलं. गुलाम देशातली, वऱ्हाडातली पोरं. जगानं ज्याचं नावही ऐकलं नाही असा खेळ दाखवायला निघालेली. जिंकायची शक्यताच नाही, कारण स्पर्धाच नाही. तरी निघाली. ज्याला समोर प्रतिस्पर्धी नाही असा खेळ घेऊन सातासमुद्रापार जाणं, हे सोन्यापेक्षा कमी आहे का? मला तरी वाटत नाही. खोट्या पदकानं आपण त्यांना मोठं करत नाही. त्यांनी जे खरंच केलं ते झाकून टाकतो.

आता सरांचा दुसरा प्रश्न. तो जास्त जड आहे.

बर्लिन तेव्हा सजवलेलं होतं. ज्यूंविरुद्धच्या पाट्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून काढून ठेवल्या होत्या. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे आदल्याच वर्षी, १९३५ ला झाले होते. ऑलिंपिकच्या तोंडावर, १६ जुलैला, शहरातल्या रोमा लोकांना, ज्यांना जिप्सी म्हणतात, पोलिसांनी उचलून शहराच्या कडेला मार्त्सान इथल्या छावणीत टाकलं. बर्लिनच्या उत्तरेला त्याच उन्हाळ्यात साक्सेनहाउझेनची छळछावणी बांधली जात होती. ग्रेटेल बर्गमन ही जर्मनीची उंच उडीतली अव्वल खेळाडू. ज्यू म्हणून तिला ऐनवेळी संघातून वगळलं.

हे सगळं आपल्या पोरांना ठाऊक होतं का, त्यांच्या मनात काय आलं, याचा न्याय मी आज नव्वद वर्षांनी फेसबुकवर बसून करणार नाही. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दोष माझा आहे. मला २९ ऑगस्टला हे माहीत करून घेता आलं असतं. तरी मी तीनशे पोरांना सांगितलं की ज्या माणसानं हे केलं त्याची शाबासकी ही आपल्या खेळाची कमाई. राजगुरू ज्या आखाड्यात घडले, त्या आखाड्याला मोठेपणाचा दाखला हिटलरकडून घ्यायची गरज आहे का? सरांना हेच म्हणायचं होतं.

आवडत्या संघाचा इतिहास शिकणं म्हणजे त्याच्या पदकांची यादी पाठ करणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्या बापाच्या तरुणपणाबद्दल शेजाऱ्याकडून ऐकण्यासारखं ते आहे. काही ऐकून छाती फुगते, काही ऐकून खाली पाहावं लागतं. पण बाप तोच राहतो, आणि आधीपेक्षा खरा होतो.

पुढची गोष्ट बघा. १९३८ ला कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धेत कबड्डी आली. १९५० ला अखिल भारतीय महासंघ झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक, १९९० ला बीजिंगमध्ये पदकाचा खेळ. तिथून २०१४ पर्यंत पुरुषांची सातच्या सात सुवर्णं भारताची. आणि मग २०१८, जकार्ता. उपांत्य सामन्यात इराणनं आपल्याला २७-१८ हरवलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच. त्या दिवशी मी टीव्ही बंद करून गच्चीवर जाऊन बसलो होतो, जेवलोही नाही.

आज वेगळं वाटतं. बर्लिनमध्ये समोरचे सात नव्हते. जकार्तात ते आले. खेळ दाखवायला गेलेल्या पोरांना याहून मोठं यश कोणतं मिळणार, की एक दिवस दुसऱ्या देशानं तो खेळ इतका शिकावा की आपल्यालाच पाडावं? २०२३ ला हांगझोऊत आपण इराणलाच हरवून सोनं परत आणलं. त्या सोन्याला किंमत होती, कारण समोर कोणीतरी होतं.

हे आत्ता लिहायचं कारण आहे. २०३६ चं ऑलिंपिक भारतात व्हावं म्हणून आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला पत्र दिलं आहे. बर्लिनला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होतील. कबड्डी ऑलिंपिकमध्ये यावी ही मागणी जोर धरेल, धरलीच पाहिजे. आणि तेव्हा "कबड्डी १९३६ लाच ऑलिंपिकमध्ये होती" हे फॉरवर्ड गावोगाव फिरेल. तुमच्याकडं आलं तर पुढं ढकलू नका. आपली बाजू खऱ्यावरही भक्कम आहे. खोट्याची एक वीट काढली की समोरचा सगळी भिंत पाडतो. पकडीत एकाचा पाय सुटला की काय होतं, खेळणाऱ्याला सांगायला नको.

मी मागच्या महिन्यात त्याच शाळेत परत गेलो. मुख्याध्यापकांना म्हटलं, प्रार्थनेनंतर पाच मिनिटं द्या, चूक दुरुस्त करायची आहे. ते जरा गोंधळले, पण दिली. मी पोरांना सांगितलं की त्या दिवशी मी जे बोललो त्यातलं बरंच खोटं होतं, आणि खरं हे असं आहे. या वेळी टाळ्या नाही पडल्या. पण सातवी-आठवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, त्या पोरांची नावं काय होती?"

मी पथकाबद्दल सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं. पण चौदा खेळाडूंची चौदा नावं मला सांगता आली नाहीत.

संध्याकाळी सरांकडं गेलो, सगळं सांगितलं. ते हसले. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि एक फोटो काढला. आपल्या गावचाच एक जुना संघ, बारा खेळाडू, बनियन आणि अर्धी चड्डी, मागं निंबाचं झाड. सरांनी एकेकावर बोट ठेवलं. पाच नावं सांगितली. मग बोट थांबलं.

"बाकीचे सात आठवत नाही रे. अमरावतीचं शोधलं तू, बरं केलं. हे कोण शोधीन?"

मित्रांनो, हायवेवर आपला १०५ फुटी हनुमान उभा आहे. बाहेरगावची माणसं गाडी थांबवून फोटो काढतात, आपल्याला छान वाटतं. पण त्याच हनुमानाला नमस्कार करून ज्यांनी या मातीत दम घुमवला, त्यांची नावं आपल्याकडं कुठंच लिहिलेली नाहीत. कोणाच्या घरी जुना संघाचा फोटो, प्रमाणपत्र, कप, वर्तमानपत्राचं कात्रण असेल, आजोबांना, काकांना, आत्याला काही आठवत असेल, तर फेकू नका. मला सांगा. मी एक शंभर पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावर पाच नावं लिहिली आहेत आणि खाली सात ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत.

येत्या रविवारी सकाळी सरांच्या अंगणात बसतो आहोत. चहा आहे. ज्याला जे आठवतं ते घेऊन या. फक्त एक अट : जेवढं खरं, तेवढंच.