दिवसा दिवा

माझे अण्णा रोज पहाटे मोटारसायकलवरून डेअरीला दूध घालायला जातात. त्यांची गाडी काळी आणि अंगातला स्वेटरही काळा. थंडीत धुके फार असते. मागच्या महिन्यात वळणावर एक जीप त्यांना घासून गेली. जीपवाला म्हणाला, "तुम्ही दिसलाच नाही हो!" अण्णांचा गुडघा फुटला. सगळे दूध सांडले.

मोटारसायकल समोरून अगदी बारीक दिसते. ती किती जोरात येतेय तेही लांबून कळत नाही. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू झाले की आपोआप लागतो. तो बंद करता येत नाही. आमची गाडी त्याआधीची आहे, म्हणून अण्णा आता दिवसासुद्धा बटण दाबून दिवा लावतात. वाटेत लोक हाताची बोटे उघडझाप करून खुणावतात, दिवा चालू राहिलाय म्हणून! आजी म्हणते, "उन्हात कशाला रे बॅटरी जाळतोस?" पण आम्ही पोरांनी शाळेच्या फाटकातून बघितले आहे. दिवा लावलेली गाडी पार ओढ्याच्या पुलावर असतानाच दिसते. बिनदिव्याची मात्र चिंचेपाशी आल्यावर.

आईने स्वेटरच्या पाठीवर पांढरे कापड शिवले. मी दुधाच्या कॅनला मागून लाल चमकणारी पट्टी चिकटवली. उजेड पडला की ती लखलखते. थोडी पट्टी उरली आहे. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनी माझ्याकडून न्यावी.

— इयत्ता चौथी