आधी कोणाकडे जाल?

अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यावी लागते, आणि ती कधी संपेल हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. प्रवेशाच्या वेळी तळहाताच्या शिरांचा ठसा घेतात, घड्याळसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न येतो. उत्तर देऊन पुढे गेलं की मागे वळायची सोय नाही. किमान 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. या दोन आकड्यांच्या मधे कुठेही पडदा कोरा होतो आणि परीक्षा आटोपते. पास की नापास, ते त्या खोलीत कोणी सांगत नाही.

1994 पासून ही परीक्षा अशीच संगणकावर चालते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की जरा सोपा. वाणी एक वजन ठेवतो, एक काढतो, काटा स्थिर होईपर्यंत हात थांबवत नाही, तसं यंत्र आपल्याला जोखत राहतं. आपण पास होण्याच्या रेषेच्या वर आहोत की खाली याची 95 टक्के खात्री झाली की ते थांबतं. याचा परिणाम गमतीचा आहे. हुशार असो वा कच्ची, प्रत्येकीला तिच्या ताकदीच्या टोकाचे प्रश्न मिळत राहतात आणि प्रत्येकीचे जवळजवळ निम्मे चुकतात. म्हणून केंद्रातून बाहेर पडणारी प्रत्येक जण ‘गेले मी’ असंच म्हणत पायऱ्या उतरते. मी दर वेळी तशीच उतरले. ज्या वेळी पास झाले, त्या वेळीही.

मी मिरजेकडची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला. तेव्हा कोर्सची परीक्षा पास झाली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी व्हायची आणि माणूस सिस्टर व्हायचा. नंतरची वर्षं वॉर्डात गेली. चाळीस खाटांचा मेल मेडिकल वॉर्ड, नाइटला मी एकटी, हाताशी एक मावशी. अंधारात चाचपून शीर सापडायची. सलाईन कोणाचं संपत आलंय ते मला झोपेतही कळलं असतं. लग्नानंतर न्यू जर्सीत आले तेव्हा या अनुभवाच्या जोरावर परीक्षा सहज निघेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. औषधांची नावं बदलली होती, पॅरासिटामॉलचं असिटामिनोफेन, अ‍ॅड्रिनलिनचं एपिनेफ्रिन. ती पाठ करायला फारसा वेळ लागला नाही. खरी अडचण प्रश्नांच्या रोखात होती.

एक नेहमीचा नमुना सांगते. चार रुग्ण आहेत. एक ऑपरेशननंतरच्या वेदनेने ओरडतोय. एकाला घरी जायची घाई झालीय आणि त्याचे नातेवाईक भांडताहेत. मधुमेहाच्या एका रुग्णाला नाश्त्याला उशीर झाल्याचा राग आलाय, त्याची साखर मात्र ठीक आहे. चौथे आजोबा सकाळपर्यंत नीट बोलत होते, आता जरा गोंधळल्यासारखे, गप्प पडून आहेत. नर्सने आधी कोणाकडे जावं?

आमच्या वॉर्डात याचं उत्तर नातेवाईक ठरवायचे. जो मोठ्याने बोलेल, ज्याच्या ओळखीचा नगरसेवक असेल, त्याच्या खाटेपाशी आधी जावं लागायचं. परीक्षेचं उत्तर आजोबा हे आहे. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे त्याचं ओरडणंच सांगतं. जो अचानक गप्प झाला, त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडत असेल, जंतुसंसर्ग रक्तात उतरला असेल. त्याच्याकडे आधी.

दुसरा घोळ डॉक्टरांचा. रुग्णाला धाप लागली तर काय कराल, असं विचारलं की माझा हात आपोआप ‘डॉक्टरांना कळवा’कडे जायचा. आयुष्यभर तेच केलं होतं. परीक्षेला ते पुष्कळदा मान्य नसतं. आधी खाटेचा डोक्याकडचा भाग उचला, प्राणवायू किती आहे ते पाहा, छाती ऐका. तुमच्या अधिकारात जे आहे ते करा, मग फोन. आणि घाबरलेल्या रुग्णाला ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ असं म्हणणं तर हमखास चुकीचं उत्तर. आमच्याकडे सिस्टरच्या तोंडी ते वाक्य पहिल्या दिवसापासून बसलेलं असतं. इथे तो खोटा दिलासा मानतात. माणसाला बोलतं करा, त्याला नेमकं काय वाटतंय ते विचारा, असं ही परीक्षा म्हणते.

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा हे काही कळलं नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही नाही. घर चालवायला एका वृद्धाश्रमात सहायक म्हणून लागले. आंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, कूस वळवून द्यायची. जिने रात्री-अपरात्री शेकडो सलाईनं लावली, तिला इथे डोकेदुखीची गोळी द्यायचीही मुभा नव्हती. औषधांची गाडी घेऊन रजिस्टर्ड नर्स यायची आणि मी बाजूला सरायची. 2020 च्या वसंतात न्यू जर्सीच्या वृद्धाश्रमांत करोना शिरला. दारं बंद झाली, मुलंबाळं काचेबाहेर थांबली. शेवटच्या घटकेला ज्यांचे हात धरले, त्यांनी माझ्याकडे परवाना आहे का असं विचारलं नाही.

त्या दिवसांत फ्लोरेन्स नाइटिंगेलची आठवण यायची. नर्सच्या सरकारी नोंदणीला तिचा विरोध होता. चांगल्या नर्सचे गुण परीक्षेत उतरत नाहीत, असं तिचं म्हणणं. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा आला तो 1919 साली, ती गेल्यानंतर नऊ वर्षांनी. नापास झालेल्या माणसाला हा आधार फार गोड लागतो. मीही तो बरेच दिवस चघळला. पण त्याच वृद्धाश्रमात रोज पाहत होते की हळव्या मनाच्या नर्सने गप्प पडलेले आजोबा ओळखले नाहीत तर तिची माया त्यांच्या कामाला येत नाही. परीक्षा माया मोजत नाही हे खरंच. ती मोजायला परीक्षा बसवलेलीच नाही. अनोळखी माणसाचा जीव या नर्सच्या हाती द्यावा का, एवढंच तिला ठरवायचं असतं, आणि ते कडकपणे ठरवलं पाहिजे.

नापास झाल्याची बातमी घरात पसरते तशी सगळीकडून तीच वाक्यं येतात. आई मिरजेहून म्हणायची, घाबरू नकोस बाळा, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. नणंद म्हणायची, काळजी करू नका वहिनी, पुढच्या वेळी नक्की. परीक्षेच्या हिशेबात ही सगळी चुकीची उत्तरं होती, हे तेव्हा लक्षात येऊन हसू आलं आणि रडूही. बरोबर उत्तर दिलं ते आमच्या वृद्धाश्रमातल्या एका फिलिपिनो नर्सने. तीही कित्येकदा नापास होऊन मग पास झालेली. डबा खाता खाता तिने विचारलं, “कुठला भाग खाली आला?”

मला सांगता येईना. पास झालेल्याला या परीक्षेत गुण कळत नाहीत. नापास झालेल्याला मात्र एक अहवाल मिळतो. विषयाच्या प्रत्येक भागापुढे लिहिलेलं असतं: रेषेच्या वर, जवळपास, खाली. माझे अहवाल मी कपड्यांच्या खाली दडवून ठेवले होते. लाज एवढ्या मोठ्याने ओरडत होती की मी तिच्याच उशाशी बसून होते. लोक काय म्हणतील, दोनशे डॉलर पुन्हा गेले, बरोबरची मैत्रीण कधीच पास झाली. कोपऱ्यात गप्प पडून होता तो कागद.

तो उघडला. औषधं जवळपास. शरीरक्रियेचा भाग वर. रुग्णव्यवस्थापन खाली, मानसिक आधार खाली. म्हणजे मी दर खेपेला जी औषधांची वही घोकत होते, तिथे माझं दुखणं नव्हतंच. दोन प्रयत्नांच्या मधे किमान 45 दिवस थांबावं लागतं. फ्लोरिडासारख्या राज्यात तीनदा नापास झालं की आधी उजळणीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हे नियम मला पूर्वी शिक्षेसारखे वाटायचे. त्या खेपेला मी ते दिवस फक्त त्या दोन भागांना दिले. ड्यूटीवरून आल्यावर दहा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली माझ्या शब्दांत कारण: हा रुग्ण आधी का, दुसरा नंतर का. बरोबर सुटलेल्या प्रश्नांचीही कारणं लिहिली. जुनी सवय मोडायला वेळ लागला, पण ती मोडली.

चिकाटी म्हणजे तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडणं, असं आपल्याकडे समजतात. तसं करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या थकतात आणि मग सोडून देतात. निकाल आला की दोन दिवस रडून घ्यावं, मग अहवाल समोर ठेवून सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरुवात करावी, आणि फी भरून टाकावी.

ज्यांच्या घरात अशी एखादी मुलगी, सून, बायको ही परीक्षा पुन्हा देते आहे, त्यांना एवढंच सांगते. धीर तिच्याकडे पुरेसा आहे, नसता तर तिने पुन्हा अर्ज भरला नसता. तिला वेळ द्या. ड्यूटीवरून आल्यावर दोन तास दार लावून बसू द्या, आणि तेवढ्यात रात्रीचा स्वयंपाक तुम्ही करा.