जपानी माणसांना इंग्रजी बोलतं करताना

इंग्रजीत एम.ए. केल्यावर मी बुऱ्हाणपुरात दहावी-बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते. व्याकरण, पत्रलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न. मग एका ऑनलाइन कंपनीचं काम मिळालं. जपानमधल्या प्रौढ माणसांशी पंचवीस-पंचवीस मिनिटं इंग्रजीत गप्पा मारायच्या. वेळही सोयीची होती. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे चालतं. तिकडची माणसं जेवूनखाऊन रात्री नऊला बसतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. गप्पाच तर मारायच्या आहेत, असं वाटलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत मात्र मला काहीच उमजेना.

गोंधळ सुरू झाला तो समोरच्याच्या गप्प बसण्यापासून. "सुट्टीत काय केलंत?" एवढा साधा प्रश्न विचारला तरी पडद्यावरचा चेहरा खाली जाई आणि बराच वेळ एक शब्द येत नसे. आमच्या गावात एका गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी आणि गुजराती बोलणारी घरं आहेत. एका भाषेत अडलं की माणूस दुसरीत शिरतो, पण थांबत नाही. त्यामुळे समोरचा गप्प झाला की मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचे. एका बाईंनी शेवटी फार नम्रपणे सांगितलं, की त्या मनात पूर्ण वाक्य जुळवत असतात आणि मी पुन्हा बोलले की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हापासून मी प्रश्न विचारून झाला की माइक बंद ठेवते. दहा-बारा सेकंदांनी वाक्य येतं, आणि ते बहुतेक वेळा चांगलं असतं.

उलट मी बोलत असताना ही मंडळी सतत "हाय, हाय" म्हणत माना डोलावत. सगळं समजतंय असं मला वाटे. पुढचा प्रश्न विचारला की कळायचं, काहीच पोहोचलेलं नाही. गोष्ट ऐकताना आपण देतो त्या हुंकारासारखंच ते आहे. ऐकतोय, एवढाच त्याचा अर्थ.

या माणसांना इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही. माझे एक विद्यार्थी गुंतागुंतीची कलमं असलेला करार वाचून समजावून सांगतात, पण चहा कसा हवा हे सांगताना अडखळतात. जपानमध्ये इंग्रजीची तयारी मुख्यतः प्रवेशपरीक्षांसाठी होते आणि वाचन-व्याकरणावर भर असतो. पुढे नोकरीत टोइक नावाची परीक्षा येते. ती जपानच्याच मागणीवरून 1979 साली सुरू झाली. तिच्या मुख्य प्रकारात 990 गुण असतात, सगळे ऐकण्याचे आणि वाचण्याचे. तोंड उघडायची गरजच पडत नाही. म्हणूनच तिकडे एइकाइवा, म्हणजे इंग्रजी संभाषणाचे वर्ग, हा मोठा धंदा झाला आहे. पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय 2020 पासून आहे, पण माझ्याकडे येतात ती माणसं त्याच्या कितीतरी आधी शाळा सोडलेली.

हे सगळं मला ओळखीचं आहे. आमच्याकडचं इंग्रजी तरी कुठे वेगळ्या वाटेनं आलं? मीही निबंध आधी लिहिला आणि बोलायला फार उशिरा लागले.

आणखी एका गोष्टीनं मला बरेच दिवस छळलं. "तुम्ही कॉफी पीत नाही ना?" असं इंग्रजीत विचारलं की उत्तर यायचं "येस", आणि पुढे कळायचं, हे गृहस्थ कॉफीला शिवत नाहीत. मग एकदा तोच प्रश्न मनाशी मराठीत विचारला. "हो, नाही पीत." आपणही असंच उत्तर देतो! समोरच्याच्या बोलण्याला आधी होकार, मग आपली बाजू. तिथून मला वाट सापडली. जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, कारक दाखवणारे शब्द नामाच्या मागे लागतात, आणि 'अ', 'द' ही इंग्रजी उपपदं दोन्ही भाषांत नाहीत. ते जिथे अडतात तिथे मीही लहानपणी अडले होते. ज्याला इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळालं, त्याला ही अडण्याची जागा आतून दिसत नाही. बुऱ्हाणपूरच्या मास्तरणीला ती दिसते, आणि या कामात माझं खरं भांडवल तेच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

उच्चारांत मात्र मराठी फारशी कामी आली नाही. जपानीत र आणि ल हे वेगळे ध्वनी नाहीत आणि बहुतेक अक्षरं स्वरान्त असतात, त्यामुळे दुधाला ते 'मिरुकु' म्हणतात. र कसा म्हणायचा हे दाखवायला गेले तेव्हा लक्षात आलं, की आपल्या र-मध्ये जीभ टाळूला टेकते आणि इंग्रजी र-मध्ये कुठेच टेकत नाही. आता आरसा घेऊन आम्ही दोन्ही बाजूंनी सराव करतो.

पहिल्या खऱ्या गप्पा जमल्या त्या आमच्या घरामागच्या कारखान्यामुळे. बुऱ्हाणपूर हे पॉवरलूमचं गाव. आमच्या मोहल्ल्यात धोट्यांची खडखड दिवसभर चालते. आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी खिडकी लावून बसायचे. एका संध्याकाळी ती उघडी राहिली आणि हामामात्सु शहरातले निवृत्त गृहस्थ बोलता बोलता थांबले. "माग आहेत का?" त्यांनी विचारलं. त्यांचं तरुणपण सुती कापडाच्या कारखान्यात गेलेलं. मग ते न थांबता बोलत राहिले. सुझुकी मोटार बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात 1909 साली त्यांच्याच शहरात मागांच्या कारखान्यानं झाली, टोयोटाचं मूळही मागांतच आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. काळांची पार मोडतोड झाली होती. मी मध्ये एकदाही दुरुस्त केलं नाही. चुका चॅटमध्ये लिहून ठेवल्या आणि शेवटी दाखवल्या. पाठ्यपुस्तकातल्या विमानतळाच्या संवादानं जे होत नव्हतं ते मागाच्या आवाजानं झालं. तेव्हापासून मी शिकणाऱ्याच्या कामातूनच विषय काढते.

माझ्या गावाबद्दलही ते विचारतात. मी तापीकाठच्या केळीच्या बागा दाखवते. त्यांच्याकडची केळी बहुतेक फिलिपिन्सहून येतात. मुमताजमहलचं निधन 1631 साली इथे झालं हे सांगितलं की ताजमहाल माहीत असलेले सगळे चकित होतात. एकांना मी सांगितलं, की इंग्रजांचा वकील टॉमस रो 1615 साली सुरतेहून अजमेरला जाताना इथे शाहजादा परवेझला भेटला होता. ते म्हणाले, त्याच ईस्ट इंडिया कंपनीनं 1613 साली जपानमध्ये हिरादोला वखार घातली होती आणि दहा वर्षांत ती बंद केली. मीच त्या दिवशी विद्यार्थिनी झाले.

पैसे फार नाहीत. ऐनवेळी तास रद्द झाला तर तेही मिळत नाहीत, हे मला अन्यायाचं वाटतं. वीज गेली तर मोबाइलवर धावपळ होते.

तरी बुऱ्हाणपूर, रावेर, खंडव्याकडे इंग्रजीची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलामुलींना मी हे काम सुचवते. सुरू करण्याआधी हिरागाना लिपी शिकून घ्या. मूळ अक्षरं 46 आहेत. स्वरांनंतर क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. हा क्रम बौद्ध पंडितांच्या संस्कृत अभ्यासातून घडलेला आहे, त्यामुळे आपल्याला तो जड जात नाही. आणि पहिल्या तासाला प्रश्न विचारून झाला की थांबा.